द्वैभाषिक शाळेचा दरवाजा



आम्ही पडलो गेटसभेत बोलणारे. पाळी सुटताना भोंगा होतो, माणसे सायकली आणि मोटारसायकली काढीत असतात, तेवढ्या दहा मिनिटांत बोलायचे, ही आमची सवय. शिक्षण म्हणाल तर शाळेची दहा वर्षे. बाकीचे वाचनालयात आणि लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात. त्यामुळे जर्मनीतील द्वैभाषिक शाळा या विषयावर आम्ही का बोलावे, अशी शंका आपल्या मनात आली असेल, तर ती रास्त आहे. आम्ही जर्मनीला गेलेलो नाही. पण एका मुलीच्या शाळेचा प्रश्न आमच्या दारात आला, आणि त्यापायी दोन वर्षे आम्ही जे मिळेल ते वाचीत आणि विचारीत बसलो. त्याची ही हकीकत आहे.

आमच्या कारखान्यात एक फिटर होते. युनियनचे जुने सभासद, वयाने आमच्याहून वडील. १९९६ साली त्यांचा थोरला मुलगा मराठी शाळेतून चौथी पास झाला. हुशार होता, गणितात तर पैकीच्या पैकी. फिटर आम्हांस म्हणाले, "तू चार इंग्रजी पुस्तके वाचतोस, सांग, पोराला कुठे घालू?" आम्ही तेव्हा सत्तावीस वर्षांचे होतो. साहेब लोक इंग्रजीत करार लिहितात आणि आपण अंगठा उठवतो, याचा राग डोक्यात होता. आम्ही बेलाशक सांगितले, इंग्रजी शाळेत घाला. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढून घातले.

तो मुलगा पहिल्या वर्षी वर्गात हात वर करीत असे. दुसऱ्या वर्षी करीनासा झाला. नववीत दोनदा नापास होऊन त्याने शाळा सोडली. पुढे एकदा तो आम्हांस म्हणाला, "काका, गणित येत होते. पण प्रश्न काय विचारलाय तेच कळत नव्हते." आज तो ठेकेदाराकडे माल चढविण्या-उतरविण्याच्या कामावर आहे. आमच्याशी वाकडे बोलत नाही, हा त्याचा चांगुलपणा.

धाकटा मुलगा, पैसे उरले नाहीत म्हणून, मराठी शाळेतच राहिला. पॉलिटेक्निकला गेला, पुढे पदवी घेतली, आणि २०२२ साली बायको व सात वर्षांच्या मुलीसह जर्मनीत श्टुटगार्टच्या बाजूला मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून गेला. २०२४च्या दिवाळीत त्याचा आम्हांस फोन आला. "काका, इथे दहाव्या वर्षी मुलांची वाटणी करतात. गावात एक द्वैभाषिक गिम्नाझिउम आहे, जर्मन आणि इंग्रजी. मुलीला तिथेच घालायचे म्हणतो. तुमचे काय मत?"

अठ्ठावीस वर्षांनी तोच प्रश्न, त्याच घरातून. या वेळी आम्ही म्हणालो, "मत नाही. आधी समजावून सांग."

वाटणी कशी होते

त्याने जे सांगितले आणि आम्ही जे वाचले ते थोडक्यात असे. जर्मनीत सोळा राज्ये आहेत आणि शिक्षण हा राज्यांचा विषय, म्हणून सोळा तऱ्हा. बहुतेक राज्यांत चौथीपर्यंत सर्व मुले एका प्राथमिक शाळेत शिकतात. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्ग येथे सहावीपर्यंत. त्यानंतर फाटे फुटतात. गिम्नाझिउम म्हणजे ज्याच्या शेवटी आबिटुर ही परीक्षा देऊन विद्यापीठात जाता येते ती शाळा. रेआलशूल ही मधली. हाउप्टशूल ही पूर्वी कामकरी मुलांची. अनेक राज्यांनी ती आता दुसऱ्या शाळांत विलीन केली आहे. आणि काही ठिकाणी सर्वांना एकत्र ठेवणाऱ्या शाळा, ज्यांना कुठे गेझाम्टशूल तर कुठे गेमाइनशाफ्ट्सशूल म्हणतात.

चौथीपर्यंत तरी सर्वांची शाळा एक असावी, हा कायदासुद्धा १९२० साली झाला. त्याआधी पैसेवाल्यांची मुले वेगळ्या, फी भरून चालणाऱ्या पूर्वशाळांतून थेट गिम्नाझिउमला जात. एकत्र शाळा आणखी लांबवावी ही कामगार पक्षांची मागणी होती. तडजोड चार वर्षांवर झाली. १९४७ साली दोस्त राष्ट्रांच्या नियामक मंडळाने शाळा एकसंध करण्याचा निर्देश काढला. पश्चिम भागात तो बहुतांशी कागदावर राहिला. २०१० साली हांबुर्ग शहरात प्राथमिक शाळा सहा वर्षांची करण्याचे ठरले, विधिमंडळातल्या सर्व पक्षांनी मान्यता दिली. पण काही पालकांनी सार्वमत मागितले आणि ते जिंकले. सुखवस्तू वस्त्यांत मतदान भरपूर झाले, गरीब वस्त्यांत कमी. आणि परदेशी नागरिक असलेल्या पालकांना, म्हणजे ज्यांच्या मुलांचे या वाटणीत सर्वांत जास्त नुकसान होते त्यांतल्या अनेकांना, मताचा हक्कच नव्हता. ठराव कोणाविषयीचा आणि मते कोणाची, हा प्रश्न आम्हां युनियनवाल्यांना चांगला परिचयाचा आहे.

एका शब्दाचे दोन अर्थ

आता "द्वैभाषिक" या शब्दाकडे येऊ. हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. १९५६ ते १९६० आपले वडीलधारे द्वैभाषिक राज्यात राहिले, आणि दोन भाषा एका छपराखाली आणल्या म्हणजे त्या समान होतात असे नाही, हे त्यांनी अनुभवले. जर्मनीतही या शब्दाचे दोन अर्थ निघाले, आणि दोन्ही एकाच काळात.

पहिला अर्थ मानाचा. फ्रान्स आणि जर्मनी यांनी जुने वैर मिटवून १९६३ साली पॅरिसला मैत्रीचा करार केला. त्या ओघात काही गिम्नाझिउमांत इतिहास-भूगोल फ्रेंचमधून शिकविणारे वर्ग निघाले. १९६९ साली झिंगेन या गावी झालेली सुरुवात प्रसिद्ध आहे. पुढे इंग्रजीचे वर्ग आले आणि संख्येने तेच पुढे गेले. आज "द्वैभाषिक शाखा" म्हटले की बहुधा असे असते: पाचवी-सहावीत इंग्रजीचे तास जास्त, आणि सातवीपासून भूगोल, इतिहास, जीवशास्त्र यांसारखा एखाद-दुसरा विषय इंग्रजीतून. बाकी सगळे जर्मनमधून. म्हणजे ही शाळा निम्मी इंग्रजी, निम्मी जर्मन असते असे समजू नये. ती जर्मन शाळाच असते, तिला इंग्रजीची एक खिडकी जास्त असते.

दुसरा अर्थ मजुराचा. १९५५ साली इटलीशी, १९६० साली स्पेन आणि ग्रीसशी, १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून पश्चिम जर्मनीने कामगार आणले. त्यांना नाव दिले "गास्टआर्बाइटर", पाहुणे कामगार. पाहुण्याला कोणी भट्टीसमोर रात्रपाळी देत नाही, पण नाव तसे होते. १९६४ साली दहा लाखावा पाहुणा म्हणून एका पोर्तुगीज सुताराचे कोलोनच्या स्टेशनावर बँड लावून स्वागत झाले, त्याला मोपेड भेट दिली. १९७३ साली भरती बंद झाली. पण माणसे राहिली, बायकामुले आली, आणि मुले शाळेत गेली. ही मुले घरी तुर्की बोलत आणि रस्त्यावर जर्मन, म्हणजे खरी द्वैभाषिक तीच. पण त्यांच्या दोन भाषांना कोणी शाखा म्हटले नाही. ती उणीव समजली गेली. त्यांतली फार मोठी संख्या हाउप्टशूलला गेली. बव्हेरियात तर, ही माणसे एक दिवस परत जाणार या हिशेबाने, मुलांना मायभाषेत शिकविणारे निराळे वर्ग काढले. मायभाषेचे शिक्षण ही चांगली गोष्ट. पण हेतू वेगळे ठेवण्याचा असेल तर तीच गोष्ट कुंपण होते.

साहेबाच्या मुलाला दोन भाषा येतात तेव्हा तो गुण, आणि मजुराच्या मुलाला येतात तेव्हा तो अडथळा! हा न्याय जर्मनीतच आहे असे नाही. आपल्याकडे वारली किंवा गोंडी बोलणारे मूल मराठी शाळेत येते, तेव्हा आपण त्याला द्वैभाषिक म्हणतो काय?

हे दोन अर्थ एकत्र आणण्याचा प्रामाणिक प्रयत्नही झाला, तो सांगितला पाहिजे. १९९२ साली बर्लिनमध्ये सरकारी युरोपा-शाळा सुरू झाल्या. तेथे वर्गात निम्मी मुले जर्मन मातृभाषेची आणि निम्मी दुसऱ्या भाषेची घ्यावयाची, आणि दोन्ही भाषांना बरोबरीने वागवावयाचे असे तत्त्व आहे. त्या दुसऱ्या भाषांत इंग्रजी-फ्रेंच आहेत, तशाच तुर्की, पोलिश, ग्रीक, पोर्तुगीजही आहेत. सरकारी असल्याने शिकविण्याची फी नाही. येथे तुर्की मुलगा जर्मन मुलाला मदत करतो आणि दुसऱ्या तासाला उलट होते. ही खरी द्वैभाषिक शाळा. पण अशा शाळा थोड्या, आणि त्यात शिरायचे ते पहिलीपासून.

फोनवरचे बोलणे

आता आमच्या मुलीकडे येऊ. ती ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहे तेथे नियम नुकताच बदलला होता. २०२५-२६च्या प्रवेशापासून शिक्षकांची शिफारस, चौथीतली एक राज्यव्यापी चाचणी आणि आई-बापांची इच्छा, या तिहींपैकी दोन गोष्टी गिम्नाझिउमकडे झुकल्या पाहिजेत; नाही तर मुलाने आणखी एक परीक्षा द्यायची. २०२४च्या शरदात ती चाचणी झाली. गणिताचा पेपर इतका कठीण निघाला की फारच थोडी मुले गिम्नाझिउमच्या पातळीला पोचली आणि राज्यभर ओरड झाली. आमची मुलगीही पोचली नाही. शिक्षिकेची शिफारसही गिम्नाझिउमची आली नाही. बापाने ठरविले, जादा परीक्षेला बसवायचे. रोज रात्री दोन तास अभ्यास सुरू झाला.

त्याची बाजू आम्ही येथे मांडलीच पाहिजे, कारण ती हलकी नव्हती. तो म्हणाला, "काका, आमच्या धंद्यात नोकरकपात चालू आहे. उद्या माझी नोकरी गेली आणि परत यावे लागले, तर मुलीला पुण्यात जर्मनचा काय उपयोग? इंग्रजी हाताशी पाहिजे. खाजगी आंतरराष्ट्रीय शाळा आहे, पण तिची वर्षाची फी हजारो युरो, ती मला झेपत नाही. म्हणून हे द्वैभाषिक." मंडळाच्या गणपतीत भेटणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, मुलगी कोणत्या गिम्नाझिउमला जाणार, हेही त्याने बोलता बोलता सांगितले. आम्ही ओळखले की अर्धे ओझे त्या प्रश्नाचे आहे.

आम्ही म्हटले, मुलीला फोनवर दे. तिला विचारले, "बाळ, गणित अवघड जाते का?" ती म्हणाली, "नाही आजोबा, हिशेब येतो. पण गणितात गोष्ट असते ना, ती जर्मनमध्ये असते."

आम्ही काही वेळ बोललो नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलाने हेच सांगितले असते, पण तेव्हा आम्ही त्याला विचारलेच नव्हते. बापाला विचारले, बापाने आम्हांला विचारले, आणि मुलगा बाजूला उभा होता.

आम्ही धाकट्याला म्हणालो, "हिची अडचण इंग्रजीची नाही, जर्मनची आहे. घरात मराठी, शाळेत जर्मन तीन वर्षांची, आणि त्यावर तू भूगोल इंग्रजीत आणतोस. पाया ओला असताना दुसरा मजला चढवू नकोस." तो फार चिडला. म्हणाला, "काका, दादाच्या वेळी तुम्ही वर चढवलेत, आता माझ्या मुलीला खाली उतरवता!" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो, "दादाच्या वेळी आम्ही चुकलो. आताही चुकत असू. म्हणून आमचे ऐकू नकोस. शाळेत जा आणि विचार."

मागण्यांचा मसुदा

वाटाघाटीला जाताना आम्ही कधी रिकाम्या हाताने जात नाही, मसुदा करून जातो. तसा एक मसुदा आम्ही करून पाठविला, आणि तोच आज आपल्यापुढे ठेवतो. आपले मूल कोणत्याही देशात, कोणत्याही दुसऱ्या भाषेच्या शाळेत जाणार असेल तरी तो चालेल.

पहिला प्रश्न: इंग्रजीतून भूगोल शिकविणारा माणूस कोण? त्याला भूगोलही शिकविता येतो आणि इंग्रजीही, की दोहोंपैकी एकच? दुसरा: उत्तर बरोबर पण भाषा मोडकी, अशा पेपराला गुण कसे देता? मूल विषयात नापास होते की भाषेत, याचा फरक शाळा करते का? तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत मोठा: मुलाला झेपले नाही तर काय? त्याच शाळेत साध्या शाखेत राहता येते, की शाळाच सोडावी लागते? करारात शिरण्याआधी बाहेर पडण्याचे कलम वाचावे. चौथा: ज्या भाषेत बाकीचे सर्व विषय आहेत, तिच्यात मूल कच्चे असेल तर शाळा काय मदत देते? पाचवा: वर्गात आणखी कोणाची मुले आहेत?

हा पाचवा प्रश्न लोकांना खटकतो, पण त्यात तथ्य आहे. २००३-०४ साली जर्मनीत नववीच्या सुमारे अकरा हजार मुलांची भाषेची पाहणी झाली. द्वैभाषिक वर्गातली मुले इंग्रजीत बरीच पुढे दिसली. पण त्या वर्गांत मुले निवडूनच घेतलेली असतात, आणि त्यांना तासही जास्त मिळतात. मग पुढे नेले ते शाळेने किती आणि निवडीने किती? निवडक कामगार घेऊन उत्पादन वाढले तर सगळे श्रेय यंत्राला देऊ नये.

शाळा आपले दरवाजे पालकांसाठी उघडतात त्या दिवशी बाप पाळीवर होता; सूनबाई गेली, हा कागद घेऊन. मोडक्या जर्मनमध्ये तिने दोन्ही शाळांत हे पाच प्रश्न विचारले. गिम्नाझिउममध्ये उत्तरे सरळ मिळाली: शिक्षक उत्तम, पण जर्मनसाठी जादा मदत थोडी, आणि साध्या शाखेत जायचे तरी जर्मन तेवढेच लागणार. गावातल्या गेमाइनशाफ्ट्सशूलमध्ये एका शिक्षकाने तिला वर्ग दाखविला. गणिताच्या गोष्टीतले अवघड शब्द तो आधी फळ्यावर लिहून समजावून सांगत असे, मग गणित. तेथे एकाच वर्गात तीन पातळ्यांवर शिकवितात. गणितात वरच्या पातळीवर आणि जर्मनमध्ये मधल्या पातळीवर राहता येते. दहावीनंतर तेथून आबिटुरकडे जाण्याच्या वाटा आहेत. सूनबाईने घरी येऊन सांगितले, जादा परीक्षा द्यायची नाही. मार्चमध्ये तिने नाव घातले.

धाकटा चार महिने आमच्याशी बोलला नाही. गेल्या सप्टेंबरपासून, म्हणजे २०२५ पासून, मुलगी पाचवीत जाते आहे. हात वर करते का, असे आम्ही विचारले. करते, असे सांगितले. पुढे काय होईल ते आज कोणी सांगू नये. नोकरी टिकेल की नाही, परत यावे लागेल की नाही, आणि यावे लागले तर आमचा सल्ला पुन्हा चुकलेला ठरेल की नाही, हे सारे अजून उघडे आहे. धाकट्याच्या भीतीत तथ्य होते, हे आम्ही विसरलेलो नाही.

आपल्या दाराशी

शेवटी आपल्यापुरते. हा प्रश्न आता एका फिटरच्या घरचा राहिलेला नाही. २०२४च्या फेब्रुवारीत महाराष्ट्राने याच बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. त्याच वर्षी जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले. गल्लोगल्ली जर्मन शिकविणारे वर्ग निघाले आहेत. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर जाऊ पाहत आहेत. जरूर जावे. पण भरतीच्या सभेत पगाराचा आणि राहण्याच्या खोलीचा प्रश्न विचाराल, तसाच मुलांच्या शाळेचाही विचारा. साठ वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांनी तो विचारला नाही, आणि मुलांनी किंमत दिली.

आणि एक भ्रम सोडा, की एकच दरवाजा आहे. जर्मनीत शाळेनंतर कारखान्यात शिकाऊ म्हणून लागायचे, आठवड्याचे एक-दोन दिवस शाळेत जायचे, दोन ते साडेतीन वर्षांत पक्का कारागीर व्हायचे, ही वाट मानाची आहे. त्या शिक्षणाचा अभ्यासक्रम ठरविताना मालकांबरोबर युनियनचे लोक बसतात, शिकाऊ मुलाला कराराप्रमाणे पगार मिळतो, आणि पुढे तो माइस्टर झाला तर विद्यापीठाचे दारही उघडते. रेल्वेत सांधा बदलून गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जाते. तसे सांधे पुढेही आहेत. ते ठाऊक असलेला बाप दहाव्या वर्षी मुलाच्या उरावर बसत नाही.

राहिली मराठी. सूनबाईने एक नियम केला आहे. मुलीने शाळेतली गणितातली गोष्ट घरी येऊन मराठीत सांगायची, आणि मग जर्मनमध्ये सोडवायची. मध्यंतरी तिने एक गोष्ट आम्हांस फोनवर सांगितली. दोन आगगाड्या होत्या, एक लवकर निघाली होती. उत्तर आम्हांला आले नाही, तिला आले. थोरल्या काकालाही तिने तीच गोष्ट घातली. त्याने तोंडी हिशेब करून क्षणात उत्तर दिले, म्हणे. दिवसभर गोणी उचलून आलेला माणूस. त्याला या वेळी प्रश्न कळला होता.